पूर्ण हजेरी

माझ्या भावाला भेटायला येणारी मंडळी त्याच्या तोंडाकडे बघायचीच नाहीत. बघायची त्याच्या छातीकडे. छाती वर गेली, खाली आली, की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं आणि मग कुणीतरी विचारायचं, "काय, कसं वाटतंय आज?" उत्तराची वाट कोण बघतो. फळांची करंडी स्टुलावर ठेवायची, फितीवरचं संस्थेचं नाव समोर येईल अशी ती फिरवायची, आणि फोटो काढायचा. भावाला फळं गिळता येत नव्हती. माझी भावजय ती शेजारी वाटून टाकायची आणि रिकाम्या करंड्या माळ्यावर रचून ठेवायची.

ही सेवा समिती. आमच्याकडच्या आयुर्विमा संस्थेची. तिला कंपनी म्हटलेलं त्यांना खपत नाही. कंपनीला मालक असतो, संस्थेला फक्त सभासद असतात, ज्यांचे विमे तेच मालक, नफा कुणाच्या खिशात जात नाही, वगैरे वगैरे. हे सगळं मला भावानेच आयुष्यभर ऐकवलेलं आहे, आणि मी आयुष्यभर नाक मुरडलेलं आहे. संस्था वाईट होती असं मी म्हणणार नाही. आमच्या गल्लीतला सायकल दुरुस्तीवाला अचानक गेला तेव्हा त्याच्या बायकोला एकदाही खेटे घालावे लागले नाहीत. पैसे घरपोच आले, मुली शिकल्या. पण एखाद्याने आपलं काम नीट केलं म्हणून त्याने रस्त्यातल्या प्रत्येक बाकावर आपलं नाव रंगवत सुटावं का? आमच्या बागेतल्या बाकांवर संस्थेचं नाव इतकं मोठं आहे की बसायची लाज वाटते. झाड लावायचं तर रोप एक आणि त्याला हात लावून फोटोत उभे राहणारे पंधरा. रोपाला नंतर पाणी कोण घालतं ते रोपालाच ठाऊक.

आणि या सगळ्यांच्या पुढे अध्यक्ष. मी त्याला मनात इस्त्री म्हणते. माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे, त्याचे कोट माझ्याकडे येतात. बाहेरून तुळतुळीत, आणि खिशात दर वेळी दुसऱ्यांची पेनं. बँकेचं, दवाखान्याचं, कुठल्यातरी हॉटेलचं. मी ती पाकिटात घालून परत देते, तोही काही न बोलता घेतो. त्याचं सोफ्यांचं मोठं शोरूम आहे. सोफे म्हणे चांगले असतात. मी बसून बघितलेले नाहीत.

भाऊ माझ्याहून लहान. बस डेपोत घोषणा करायचा. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली रद्द झाली, कुणाची छत्री सापडली. आवाज असा की लाउडस्पीकर बंद पडला तरी कुणाची गाडी चुकत नसे. घरीदारी सगळे त्याला भोंगाच म्हणायचे. त्या आवाजामुळेच संस्थेने त्याला हजेरीचं काम दिलं, आणि हजेरी म्हणजे त्याचा जीव की प्राण.

ही हजेरी काय ते सांगायला हवं. संस्था सुरू झाली तेव्हा एका गोदामात थोडे कामगार जमले होते. कागदावर विश्वास ठेवणारी माणसं नव्हती ती. त्यांनी ठरवलं, दर वर्षी सभेत प्रत्येकाचं नाव मोठ्याने वाचायचं. जो जिवंत असेल त्याने "आहे" म्हणायचं. आजारी असेल तर घरच्या माणसाने त्याच्या वतीने म्हणायचं. आणि उत्तर आलं नाही तर नाव तीनदा वाचायचं, मग सगळ्यांनी उठून उभं राहायचं. गप्प. भाषण नाही, हार नाही, काही नाही. मग खाली बसून पुढचं नाव.

भाऊ सांगायचा, "ताई, तिसऱ्यांदा नाव वाचलं ना, की सगळ्या खुर्च्या एकदम सरकतात. अख्खा हॉल उभा राहतो. साहेब असो, हमाल असो. माणूस गेला याची यापेक्षा चांगली पावती नाही."

"मेल्यावर पावती घेऊन करायचंय काय?" मी म्हणायची.

"तुझ्या दुकानात नाही का, पावतीशिवाय कपडे देत नाहीस?"

असं आमचं चालायचं. इस्त्री अध्यक्ष झाला आणि त्याने या हजेरीचीही वाट लावली. त्याला ते उभं राहणं उदास वाटायचं. सभेचा मूड जातो म्हणे. मग त्याने मध्यवर्ती कार्यालयाला पटवून एक फिरती ढाल काढली, पूर्ण हजेरीची. ज्या शाखेत वर्षभरात एकही नाव अनुत्तरित राहणार नाही तिला ढाल, आणि तिच्या अध्यक्षाला मध्यवर्ती मंडळावर खुर्ची. सभासद मेले नाहीत की संस्थेचे पैसे वाचतात, संस्था बळकट होते. तेव्हा सभासद न मरणं हीच शाखेची कर्तबगारी! यंदा आमच्या शाखेत खरोखरच कुणी मेलं नव्हतं. म्हातारे तग धरून होते, तरुण हेल्मेट घालत होते. वर्ष सरत आलं होतं आणि इस्त्रीच्या खुर्चीच्या आड एकच माणूस येत होता. माझा भाऊ. फुप्फुसं गेलेला, उशीला टेकून बसलेला, दोन शब्द बोलून तिसऱ्यासाठी थांबणारा.

म्हणून त्या करंड्या. म्हणून ते छातीकडे बघणं. हे मला पहिल्या करंडीलाच कळलं होतं, भावालाही कळलं होतं. भावजयीला कळलं नव्हतं किंवा कळून घ्यायचं नव्हतं. ती म्हणायची, "ताई, कोण कुणासाठी येतं हो आजकाल?" आणि तिचंही खोटं नव्हतं. तिच्या माहेरचं एकही माणूस फिरकलं नव्हतं.

एका दुपारी समिती येऊन गेल्यावर भावाने मला खुणेने जवळ बसवलं. त्याची खाट खिडकीला लागून होती. खाली डेपो. तिथे आता यंत्रातली बाई घोषणा करते. तिचा आवाज ऐकला की हा तोंड वाकडं करायचा.

"ताई, मला इथेच मरायचंय," तो म्हणाला. थांबला. "दवाखान्यात नको. नळ्या नकोत."

"बरं."

"आणि माझं नाव आलं की... असलो तर आहे म्हण. नसलो तर गप्प बस. खोटं बोलायचं नाही." पुन्हा थांबला. "मी कितीजणांसाठी वाचलंय. माझ्यासाठी उभे राहतात का, ते बघून ये."

मी म्हटलं, बघून येईन. मला रडू येत होतं म्हणून मी उठून करंडीची फीत कात्रीने कापत बसले.

पुढच्याच आठवड्यात, मी दुकानात असताना, त्याला श्वास लागेना. भावजयीने मला फोन केला नाही. इस्त्रीला केला. तो आपलं कार्ड आरशाच्या फटीत खोचून गेला होता, कधीही फोन करा म्हणून, आणि माणूस शब्दाला जागला. मी शटर ओढून धावत पोचले तोवर भाऊ शहरातल्या सगळ्यात महागड्या दवाखान्यात, घशात नळी, छातीला वायरी, आणि यंत्र त्याच्या वतीने श्वास घेत होतं. नळी ओढून काढू नये म्हणून दोन्ही हात मऊ पट्ट्यांनी खाटेला बांधले होते. फोटोसुद्धा काढून झाला होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी भावजयीला कॉरिडॉरमध्येच फैलावर घेतलं. "तुला माहीत नव्हतं त्याला काय हवंय ते? मला का नाही बोलावलंस?"

ती भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "ताई, ह्यांचे ओठ निळे पडले होते. तुम्ही आला असतात तर माझ्याबरोबर बघत बसला असतात. मला बघवलं नाही."

खरं ऐकलं की मी अजून चिडते. तेवढ्यात इस्त्री आला, दोन्ही हात पुढे करून, जणू आम्ही त्याच्याच घरी आलो होतो.

"खर्चाची काळजीच करू नका, ताई. सेवा निधी आहे कशासाठी? संस्था भक्कम आहे."

"संस्था भक्कम आहे हो. माझा भाऊ नाहीये भक्कम. त्याला घरी जायचंय."

"जाऊ दे ना! सभा झाली की लगेच. मी स्वतः गाडी पाठवतो."

"सभा कधी?"

"पुढच्या महिन्याच्या अखेरीला."

म्हणजे तोवर त्याने असंच बांधून पडायचं. याच्या खुर्चीसाठी. मी म्हटलं, "मग सभाच आधी घ्या की! इथेच घ्या, याच्या खाटेभोवती. हजेरी उरकून टाका आणि मग काढा नळी."

मी ते त्याच्या तोंडात मारायला बोलले होते. पण त्याला ते लागलंच नाही. तो विचारात पडला. खिशातून पेन काढलं, दवाखान्याचंच होतं, आणि तळहातावर काहीतरी खरडलं. "पुढचा रविवार... हॉल मिळेल. नोटिशीची मुदत आहे, पण अपवादात्मक परिस्थितीत अध्यक्षांना अधिकार असतो." मग माझ्याकडे कौतुकाने बघून म्हणाला, "ताई, काय डोकं आहे तुमचं! तुम्ही समितीत यायला हवं."

माणसाचा इतका राग आला की पुढे रागच येईनासा होतो, नुसती किळस येते. पण किळस आली म्हणून मी संधी सोडणारी नाही. मी म्हटलं, "आदल्या दिवशी त्याला घरी आणायचं. सभेनंतर नाही, आधी. नाहीतर या करंड्या कशासाठी येत होत्या ते मी प्रत्येक गिऱ्हाइकाला कपड्यांबरोबर सांगेन."

"आणि हजेरीला उत्तर द्यायला तुम्ही याल?"

"येईन."

काय म्हणेन ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तो तडक डॉक्टरीणबाईंकडे गेला. बिचारी थकून भिंतीशी उभी राहून चहा पीत होती. नळी काढली तर एक दिवस निघेल का, असं त्याने तिला विचारलं. सोफ्याचं कापड किती टिकेल हे त्याला गिऱ्हाईक विचारतं ना, त्याच सुरात.

"मी गॅरंटी कार्ड देत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पेशंट शुद्धीवर आहे, त्याला समजतंय. पण नळी काढायला त्याच्या मिसेसची संमती लागेल."

म्हणून मी भावजयीला आत नेलं. भांडले नाही. एका हाताची पट्टी नर्सने सैल केली आणि मी भावजयीचा हात त्याच्या हाताखाली ठेवला. त्याने बोटाने तिच्या तळव्यावर लिहिलं. घ. र. तिला कळलं नाही असं वाटून त्याने पुन्हा लिहिलं. तिने मूठ मिटली, ती अक्षरं पळून जातील अशी, आणि बाहेर जाऊन सही केली.

शनिवारी दुपारी त्याला घरी आणलं. संस्थेच्या रुग्णवाहिकेतून, दोन्ही बाजूंना संस्थेचं नाव. बरोबर समितीचे दोघे होते. जिन्यातून स्ट्रेचर नेताना एकाने मला विचारलं, "ताई, तुमचा हात दांड्यावर ठेवता का, एक फोटो घेतो." मी त्याला असं काही सांगितलं की त्याने मोबाइल खिशात घातला तो परत काढला नाही.

खिडकीजवळच्या खाटेवर भाऊ पडला आणि त्याने डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपला. पण खाली यंत्रातल्या बाईने कुठलीशी गाडी चुकीच्या फलाटावर लावली, नि याचं तोंड वाकडं झालं. भावजय हसली. मीही हसले. त्या संध्याकाळी आम्ही तिघं त्या खोलीत सुखाने होतो, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. त्याच्या घशातून आता नुसती फुंकर निघत होती. अख्ख्या डेपोला हलवणारा तो आवाज, आणि आता ऐकायला कान त्याच्या ओठांना लावावा लागत होता.

"सभा?" त्याने विचारलं.

"उद्या. तुझ्यासाठी अलीकडे आणलीय."

त्याचे खांदे हलले. हसत होता तो. मग म्हणाला, "लक्षात आहे ना?"

"आहे रे बाबा. असलास तर आहे. नसलास तर गप्प."

सकाळी मी चहा ठेवायला आत गेले. भावजय त्याचा हात धरून बसली होती. तिने मला हाक मारली नाही. मी कप घेऊन आले, तर ती म्हणाली, "ताई, झालं." त्याचा चेहरा खिडकीकडे होता. खालून पहिल्या गाड्यांच्या घोषणा चालू होत्या. मी कप खाली ठेवला. कुठे ठेवला ते नंतर सापडेना.

मग खाली हॉर्न वाजला. इस्त्रीने गाडी पाठवली होती.

मी म्हटलं, "मी नाही जात."

भावजय एकदम ताठ झाली. बावीस वर्षांत तिने मला कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं. "जा, ताई. ह्यांचं नाव येईल ना तिथे. तुम्ही नसलात तर कुणीही सोम्यागोम्या उठून आहे म्हणेल. तुम्ही जा, आणि उभे राहू देत सगळे. मी इथे आहे ह्यांच्यापाशी."

तिचं बरोबर होतं. मी साडी बदलली नि निघाले. आणि मनातलं सांगते, त्या गाडीत बसल्यावर दुःखाच्या वर एक दुसरीच गोष्ट तरंगायला लागली. आता इस्त्रीची ढाल गेली. खुर्ची गेली. एवढ्या करंड्या, एवढे फोटो, हॉल, सगळं मातीत. अख्ख्या शाखेसमोर नाव पुकारलं जाईल, मी गप्प बसेन आणि त्याची ती कडक कॉलर कशी मऊ पडते ते बघेन. भावानेच जाता जाता माझ्यासाठी ठेवलेली भेट होती ती. ड्रायव्हरने विचारलं, "कसे आहेत पेशंट?" मी म्हटलं, "शांत आहेत."

हॉलला फुगे लावले होते. विमा संस्थेच्या सभेला फुगे! कोपऱ्यात बँडवाले, टेबलावर झाकलेली ढाल. मला पहिल्या रांगेत बसवलं. इस्त्रीने स्टेजवरून वाकून बघितलं, मी आले हे पाहिलं आणि डोळे मिटून मान हलवली, भावपूर्ण की काय म्हणतात तशी.

मग भाषण. संस्थेची गंगाजळी म्हणे इतकी आहे की उद्या एकाच दिवशी आपण सगळेच्या सगळे गेलो तरी एकूण एक दावा फेडता येईल. लोकांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. ते पैसे घ्यायला कोण उरेल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मग सेवाकार्याचे फोटो, पडद्यावर. बाकं. ते रोप. रक्तदान करताना रक्ताच्या पिशवीपेक्षा मोठा हसणारा खजिनदार. आणि शेवटी माझा भाऊ. घशात नळी, हात बांधलेले, डोळे उघडे. खाली अक्षरं, 'सभासद एकटा नसतो'. हॉलभर "अरेरे" असा एक गोड आवाज पसरला. मागची बाई शेजारणीला म्हणाली, "किती करतात ना आपल्यासाठी!"

मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं रडतेय.

हजेरी सुरू झाली. भावाच्या जागी आता दातांचे डॉक्टर वाचतात. आवाज बारीक, आणि प्रत्येक नावानंतर घसा खाकरणार. आहे. आहे. आहे. कुणी जांभई देत, कुणी मोबाइलवरून नजर न काढता. हमालांचा मुकादम तेवढा उभा राहून, छाती काढून "आहे" म्हणाला. भावाला तो आवडायचा.

मी तयार होते. ओठ घट्ट मिटलेले, हात मांडीवर, नजर सरळ इस्त्रीवर. तीनदा वाचू देत. तीनदा गप्प. त्यात अवघड काय आहे? गप्प तर बसायचं.

डॉक्टरांनी घसा खाकरला आणि भावाचं नाव वाचलं. भोंगा नव्हे. पूर्ण नाव, वडिलांचं, आडनावासकट.

ते नाव आयुष्यात कितीदा कुणी पुकारलं असेल, आणि हा कधी जागेवर असेल तर शपथ. मास्तरांनी पुकारलं तर मी वर्गाच्या दारातून सांगायची. आईने पुकारलं तर मी न्हाणीतून सांगायची. मार बसू नये म्हणून, जेवण वाढून ठेवावं म्हणून, कुणी दाराला कडी घालू नये म्हणून. त्या नावाला त्याच्याआधी ओ द्यायची मला सवयच लागली होती.

"आहे," मी म्हणाले.

चांगलं खणखणीत म्हणाले. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं असेल.

इस्त्री खुर्चीतून उडालाच. टाळ्या वाजवत पुढे आला. त्याच्यामागे समिती उठली, मग पहिली रांग, मग सगळ्या खुर्च्या एकदम सरकल्या. अख्खा हॉल उभा राहिला. साहेब, हमाल, मागची ती बाई. टाळ्या, शिट्ट्या, बँड. मी उठून ओरडले, "नाही! नाही हो, गेला तो! सकाळी गेला!" बँडच्या ढोलापुढे माझा आवाज मलाच ऐकू येईना. माझा हात वर झालेला बघून लोकांना वाटलं, मी आनंदाने हात हलवतेय. त्यांनीही हलवले.

इस्त्री पायऱ्या उतरून गुच्छ घेऊन माझ्यापर्यंत आला. मी त्याची बाही धरली आणि त्याच्या कानात सांगितलं, "तो गेलाय. सकाळीच."

त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. फक्त डोळे एकदा माझ्या चेहऱ्यावरून फिरले, कापड खरं की खोटं बघतात तसे. "कुणाला सांगितलंत?"

"सगळ्यांना सांगतेय! थांबवा तो बँड!"

"ताई," तो म्हणाला, अगदी हळू, आणि मला हे सांगायला लाज वाटते पण त्याचा आवाज प्रेमळ होता, "'आहे' मी नाही म्हणालो. तुम्ही म्हणालात."

गुच्छ माझ्या हातात आला. फोटो निघाला. डॉक्टरांनी घसा खाकरून पुढचं नाव वाचलं.

त्या माणसाला मी इतकी वर्षं पाण्यात बघत आले. त्याला मंडळावरची खुर्ची दिली ती मी. दुसऱ्या कुणी नाही. त्या क्षणी हॉलमधला सगळ्यात टाकाऊ माणूस कोण, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती.

मी त्याच्या गाडीने परतले नाही. चालत आले. गुच्छ बागेतल्या एका बाकावर ठेवला, रंगवलेल्या संस्थेच्याच नावावर.

मी जिना चढले. भावजयीने भावाचा चेहरा पुसला होता, केस विंचरले होते, गळ्याशी स्वच्छ चादर ओढली होती. दार वाजताच ती उठली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण ती थांबली होती माझ्यासाठी. सकाळपासून त्याच एका उत्तरासाठी.

"ताई, वाचलं ह्यांचं नाव?"

"वाचलं."

"उभे राहिले लोक?"

मी खिडकीकडे बघितलं. भावाकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

"राहिले," मी म्हणाले. "सगळे उभे राहिले. एकही जण खाली बसला नाही."

तिने डोळ्यांना पदर लावला. मग खाटेपाशी गेली, त्याच्या कानाशी वाकली आणि मोठ्याने, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं त्याला सांगितलं, "ऐकलंत का? सगळे उभे राहिले. ताई स्वतः बघून आल्यात."